आवाजाच्या दोन प्रती

फोल्डर रिकामं होतं. थोरलीने ते बंद करून पुन्हा उघडलं. तरीही रिकामंच.

“काय केलंस तू?” ती इतक्या जोरात ओरडली की स्वयंपाकघरात चहा गाळणाऱ्या धाकट्याच्या हातातलं गाळणं कपात पडलं.

“मी कशाला काय करू?”

“आईचा आवाज गेलाय. सगळा. एक फाइल शिल्लक नाही.”

आई रेडिओवर मुलांना गोष्टी सांगायची. गावातली एक अख्खी पिढी त्या आवाजावर झोपी गेली होती. मग घशात गाठ निघाली. जीव वाचला, स्वरयंत्र गेलं. थोरलीने जिथून मिळतील तिथून जुन्या कॅसेटी गोळा केल्या आणि एकेक वाजवून कॉम्प्युटरवर चढवल्या; जुनाट फिती तेवढ्यातच तुटून निकामी झाल्या. रोज दिवेलागणीला ती त्यातली एक गोष्ट लावायची. पाहुणे आले की त्यांनाही ऐकवायची. पाहुणे डोळे पुसायचे. आई खिडकीबाहेर बघत बसायची.

कॉम्प्युटर घेतानाच दोघांची जुंपली होती. धाकटा घरी बसून लोकांचे व्हिडिओ कापून-जोडून द्यायचा. त्याला एकच डिस्क हवी होती, पण वाऱ्यासारखी पळणारी. “आवाजाची एक कॉपी काढून मावशीकडे ठेव, मिटलं,” तो म्हणाला होता. थोरलीला ते पटलं नाही. तिला रेड हवं होतं. दोन डिस्क, दोन्हींवर तेच; एक बसली तरी दुसरी चालू. दोन घ्यायच्या म्हटल्यावर साध्या, संथ डिस्कवर भागवावं लागलं. तेव्हापासून धाकटा कामाला बसला की करवादायचा, “हे रेड नाही, रेडा आहे रेडा. टोचल्याशिवाय पाऊल उचलत नाही.”

आता तोच चहाचा कप टेबलावर ठेवून खुर्ची ओढून बसला. दोन्ही डिस्क तपासल्या.

“ठणठणीत आहेत.”

“मग?”

“मग काय? डिस्क मेली तर रेड वाचवतं. माणसानेच पुसलं तर दोन्हींवरून पुसतं, अगदी इमानेइतबारे. तेव्हा घसा फोडून सांगत होतो. आणि हे बघ, रिसायकल बिनसुद्धा साफ केलंय. हे आपोआप होत नसतं, ताई. कोणीतरी मुद्दाम केलंय.”

“कोणीतरी! या मशीनला हात लावणारे आपण दोघं. व्हिडिओंसाठी जागा कोणाला कमी पडत होती? मला?”

“म्हणजे मी आईचा आवाज पुसला? तोंडाला येईल ते बोलू नकोस.”

“तुला तिची पडलीय कधी? ऑपरेशनच्या दिवशीसुद्धा तुझं कामच महत्त्वाचं होतं.”

“ते काढायचं नाही हां! रोज त्या फोल्डरमध्ये खुडबुड तू करतेस. तुझ्याच हातून उडालं असेल आणि खापर माझ्या डोक्यावर.”

कप कलंडला. चहा टेबलावरून जमिनीवर ठिबकायला लागला. कोणी फडकं आणलं नाही.

आतल्या खोलीतून घुरघुर ऐकू आली. आईने गळ्याशी यंत्र धरलं होतं. ते धरलं की तिच्या ओठांमधून शब्द उमटायचे, सपाट, गुणगुणणाऱ्या मोटारीसारखे. एकेका वाक्याला वेळ लागायचा. एवढा वेळ कोणाला होता? थोरली पहिल्याच शब्दावरून ओळखायची. ‘पाणी ना? आणते.’ ‘पंखा ना? लावते.’ आणि बहुतेक वेळा तिचं बरोबर असायचं. धाकटा सरळ फोन पुढे करायचा. ‘टाइप कर, आई.’

“आई, तू मध्ये पडू नकोस,” थोरली त्याच चढ्या आवाजात म्हणाली. “उगाच घशाला ताण.”

आई दारात येऊन उभी राहिली.

“मी. पुसलं.”

दोघं तिच्याकडे वळले. थोरलीचा राग क्षणात मऊ झाला, आणि ते आईला आणखीच झोंबलं असावं.

“चुकून हात लागला असेल गं. होतं असं. तू नको मनाला लावून—”

आईने टेबलावर थाड्कन पंजा मारला. सांडलेला चहा उडाला. यंत्राच्या आवाजात चढ-उतार नव्हते. राग दाखवायला तिच्याकडे तेवढा हातच होता.

“चुकून. नाही.”

धाकटा तोवर मशीनकडे वळला होता. “ताई, हे आधी बंद करतो,” तो हळूच म्हणाला. “डिस्कवर नवीन काही लिहिलं गेलं नाही तर बरंचसं परत आणता येईल.”

त्याचं बोट बटणापर्यंत पोचायच्या आत आईने त्याचं मनगट पकडलं. पकड घट्ट होती. इतकी ताकद तिच्यात उरली असेल असं त्याला वाटलं नव्हतं. दुसऱ्या हाताने तिने यंत्र पुन्हा गळ्याला टेकवलं आणि बोलायला लागली. वाक्य लांब होतं. मध्ये दोनदा तिला थांबावं लागलं. दोन्ही वेळा थोरलीच्या ओठांवर पुढचा शब्द आला आणि दोन्ही वेळा तिने तो गिळला.

“रेडिओवरच्या त्या गेलेल्या बाईला दोन-दोन ठिकाणी जपताय... आणि मी रोज समोर बसलेय, तर माझं एक वाक्य... शेवटपर्यंत ऐकून घ्यायला या घरात कोणी नाही.”