मुलींचा अंक

निवडायला घेतलेली मुलुखियाच्या पालेभाजीची पानं. चंद्रावर अडकलेल्या कप्तानाचं चित्र. फोनमधून येणारं मैत्रिणीचं हसू.

"टोपणनाव समुद्रतारा, आणि वय चोपन्न!" रदवा फोनवर ओरडली. "आपल्या मालिकेतल्या कप्तानावर प्रेमकथा लिहितेय बाई!"

"पण चाहत्यांनी पाठवलेल्यांत तिचीच गोष्ट सगळ्यांत चांगली आहे गं."

"असेना. अंक आपला, मुलींचा आहे. आज हिला घेतलं, तर उद्या अख्ख्या अलेक्झांड्रियातल्या आया येऊन बसतील. काढ तिला."

समोर बसलेली सुहैर म्हणाली, "घ्या की बिचारीला."

"आई, तुला यातलं काही कळतं का?"

सुहैर पुन्हा पानं निवडू लागली.

परवा हीच गोष्ट रदवानं आईला डोळे पुसत वाचून दाखवली होती. आपलं लिहिलेलं सुहैरनं तेव्हा पहिल्यांदाच दुसऱ्या कुणाच्या आवाजात ऐकलं होतं.