बेचाळिसावा शब्द

“तो शब्द खोटा आहे. काढून टाक,” सेथ थीकर दारातूनच म्हणाला.

ब्रायनी टाइप करता करता थांबली. रन्सविकच्या किनाऱ्यावर जीवाश्म शोधणाऱ्या लोकांचे जुने शब्द गोळा करायला ती विद्यापीठातून आली होती. चॅपेलमागच्या खोलीत तिनं वर्षभर मुक्काम ठोकला होता आणि सोमवारी पुस्तक छापायला जायचं होतं. त्यातले बेचाळीस शब्द जन्मभर जीवाश्म शोधत आलेल्या एकट्या सेथचे. ओहोटीला उघडा पडणारा खडक तो ‘स्कार’, ओढा तो ‘बेक’, निसरडं असेल ते ‘स्लेप’. हजारेक वर्षांपूर्वी व्हायकिंग लोक होड्यांतून घेऊन आले आणि इथेच ठेवून गेले, असे शब्द. बेचाळिसावा होता ‘किटलिंग’. अर्थ: नखाएवढा, वेटोळं घातलेला दगडी शंख.

“किटलिंग,” सेथ म्हणाला. “आमच्यात कोणी असं म्हणत नाही. मी बनवला, पोरी.”

मग त्यानं उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. त्या दिवशी पाऊस कोसळत होता. ही पोरगी भिजून चिंब, तरी वही सावरत विचारत होती, सगळ्यात लहान शंखांना काय म्हणता? काही म्हणत नव्हते. बारके म्हणायचे. पण एक्केचाळीस शब्द दिल्यावर तिला रिकाम्या हातानं पाठवणं त्याच्या जिवावर आलं. आणि तो शब्द आपसूक जिभेवर आला. ब्रायनी उडालीच होती. आइसलंडमध्ये मांजरीच्या पिल्लाला अजून जवळपास तसंच म्हणतात, असं तिनं सांगितलं तेव्हा सेथला वाटलं, अंधारात मारलेला दगड नेमका लागला. नंतर त्यानं गावातल्या एकेका म्हाताऱ्याला गाठून विचारलं. कोणी ऐकला नव्हता. एकानं तर विचारलं, चहाची किटली हरवली का रे?

दुसरा कोणी असता तर हसून विसरला असता. पण सेथ म्हणजे खोट्या मालाचा काळ. पूर्वी या किनाऱ्यावर विक्रेते दगडी शंखांना सापाचं डोकं कोरायचे आणि दगड झालेला साप म्हणून भाबड्या पाहुण्यांच्या गळ्यात बांधायचे. सेथच्या आजोबांनीही कोरले होते. ते त्यानं सोळाव्या वर्षी समुद्रात भिरकावले. पासष्टी आली, पण विकायच्या जीवाश्माच्या तुटलेल्या हाडाला त्यानं कधी गोंदसुद्धा लावला नव्हता. आई नसलेल्या या पोराला एडिथ आत्यानं वाढवलं ते एकाच धाकावर, की थीकरांचं नाव एकदा गेलं ते गेलं. आता तेच नाव पुस्तकात छापलं जाणार होतं, आणि त्याच्या शेजारी सापाचं डोकं कोरलेला शब्द. तीन आठवडे त्याला जेवण गोड लागलं नव्हतं.

“माझं नावच काढ हवं तर,” तो म्हणाला. “बाकीचे एक्केचाळीसही गेले तरी चालतील.”

ब्रायनी रागावली नाही. गोंधळलेली मात्र दिसली.

“पण मिस्टर थीकर, तुम्ही बनवला कसा असेल? तुमच्या आधी याच गावात एका बाईनं तो सांगितलाय. आमच्या जुन्या ध्वनिफितींत मला कालच सापडला. मी तुम्हाला विचारणारच होते, या तुमच्या कोण म्हणून.”

तिनं संगणकावर ती फीत लावली. आधी खरखर. मग एका पुरुषाचा शाळामास्तरी आवाज: रन्सविक, एप्रिल एकोणीसशे पंचावन्न, मिसेस थीकर, वय तेवीस.

सेथनं टेबलाची कड धरली. त्या साली त्या वयाची मिसेस थीकर गावात एकच होती. दूरच्या डोंगरातल्या शेतावरून लग्न होऊन आलेली आणि त्याच वर्षीच्या हिवाळ्यात न्यूमोनियानं गेलेली. सेथ तेव्हा दोन वर्षांचाही नव्हता. बापानं पुन्हा कधी तिचं नाव घेतलं नाही. घरात एकच फोटो होता, त्यातही तिनं तोंड फिरवलेलं. ती कशी बोलायची हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं आणि त्यानंही कधी विचारलं नव्हतं.

मास्तर विचारत होता, घरातले पुरुष या वेटोळ्या दगडाला काय म्हणतात?

एक तरुण बाई हसली.

“ते त्यांनाच विचारा. मी डोंगरातली, मला दगडांतलं काय कळतंय?”

मग तुमच्या माहेरचा एखादा शब्द सांगा, मास्तर म्हणाला.

“हा काय, मांडीवरच आहे. किटलिंग. बघा कसं वेटोळं करून झोपलंय माझं. हळू बोला हो, उठेल.”

पुढे नुसती खरखर होती. ब्रायनीनं सेथकडे पाहिलं आणि तिला पुढे काही विचारायची गरज उरली नाही. तो मटकन खुर्चीत बसला. तोंड उघडं होतं आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, ते पुसायचंही त्याला सुचत नव्हतं. तिनं फीत पुन्हा लावली. मग तिसऱ्यांदा. खिडकीबाहेर भरती स्कारवर चढत गेली.

बऱ्याच वेळानं ब्रायनीनं हळूच विचारलं, शब्दाचं काय करू?

“राहू दे,” सेथ म्हणाला. “अर्थ तेवढा चुकलाय. शंख खोडून टाक.”

“मग काय लिहू?”

“मी.”