दिवा लागल्याचा फोटो

"टॉर्च बंद करा सगळ्यांनी! फोटोत एक जरी दिसली ना, तर सगळ्या मेहनतीवर पाणी!"

नव्या सौर दिव्याच्या खांबाखाली अख्खा पाडा दाटीवाटीनं उभा होता. दिवाळी होऊन गेलेली, भात खळ्यावर आलेलं, अंधार लवकर पडायचा. ठेकेदार ओरडला तशी एकेक टॉर्च विझली. पुढच्या रांगेत मधोमध बसवलेल्या कमळानं मात्र आपली टॉर्च पेटतीच धरली.

"ए बाई, तुला वेगळं सांगू का?"

"आधी दिवा पेटवा. मग विझवते."

ठेकेदारानं कपाळावर हात मारून घेतला. दिवा पेटवणार कुठून? खांब होता, दिव्याचं काचेचं तोंड होतं, पण वीज साठवणारी पेटीच बसवलेली नव्हती. ती म्हणे मागाहून येणार. काम पूर्ण झाल्याचा फोटो मात्र आजच वर जायला हवा होता. रात्रीचा, उजेडात उभ्या असलेल्या गावकऱ्यांसकट. म्हणून खोडाळ्याहून लग्नाचे फोटो काढणारा तुषार आणला होता. त्यानं शिडी लावून एक फ्लॅश दिव्याच्या बरोबर खाली बांधला होता. इकडं कॅमेऱ्याचं बटण दाबलं की तिकडं वर तो भडकायचा. फोटोत वाटणार, दिव्याचाच लख्ख उजेड पडलाय. कशी अक्कल चालते बघा! हीच अक्कल पेटी आणायला चालवली असती तर?

आणि हा दिवा काही कुणी खैरात म्हणून दिलेला नव्हता. मागच्या पावसाळ्यात याच वाटेवर, याच वळणावर, कमळाच्या नवऱ्याला अंधारात घोणस चावली. रघ्या रस्त्यापर्यंत झोळीतून पोचला, पुढं नाही. पेपरात आलं, साहेब येऊन गेले, दिवा मंजूर झाला. रघ्याचा उभ्या जन्मात एकच फोटो निघाला, तोही दवाखान्यात, मेल्यावर. आता त्याची पोर धाकली रोज तिन्हीसांजेला हंडा घेऊन याच वाटेनं ओहोळावर जायची. ती परत येईपर्यंत कमळाचा जीव थाऱ्यावर नसायचा. तिला दिवा हवा होता तो एवढ्यासाठी.

कमळा उठून उभी राहिली. "माझी बहीण पलीकडच्या पाड्यावर दिलीय. तिथंपण तुमी असाच फोटो काढला. वर्ष झालं. त्या खांबाला आता बैल बांधतात. फोटो गेला का तुमी परत येत नाय."

लोकांत कुजबुज सुरू झाली. ठेकेदार चवताळला.

"फोटो नको? ठीक आहे. उद्या खांब उपटून नेतो. बसा मग बोंबलत अंधारात!"

म्हातारी माणसं घाबरली. "बस ना गो कमळे," सोन्याकाका हात जोडत म्हणाले. "खांब तरी राहू दे."

खांब तरी! कमळाच्या डोक्यात तिडीक गेली. काय करायचाय खांब, चाटायचाय? पण सगळ्या पाड्याशी वैर कोण घेणार? ती खाली बसली. धाकलीला जवळ घेतलं आणि टॉर्च विझवली. अंगठा मात्र बटणावरच ठेवला.

ठेकेदाराला आता भलताच हुरूप आला. "थांब, मीपण येतो फोटोत," म्हणत तो खांबाला टेकून, खड्ड्यातून काढलेल्या दगडांच्या ढिगाला खेटून उभा राहिला. मोबाईल जीपमध्येच ठेवलेला. केसांवरून हात फिरवला. "हसा की जरा! दिवा मिळालाय, सुतक नाही लागलं!"

रघ्याच्या बायकोसमोर बोलला हे. जनाची नाही, मनाची तरी? कुणीही हसलं नाही.

तुषारनं बटण दाबलं. वरून पांढराफटक उजेड कोसळला आणि गेला. खांब रोवल्यापासून त्याच्यावरून वाटेवर पडलेला हा पहिलाच उजेड.

तुषारनं फोटो पडद्यावर मोठा करून पाहिला. चेहरे छान आले होते. दिवा तर फारच छान आला होता. मग त्यानं फोटो खाली सरकवला आणि दबक्या आवाजात म्हणाला,

"सगळे... हळूहळू माझ्याकडं या. शेठ, तुम्ही हलू नका. तुमच्या पायाशी घोणस आहे. दगडांवर, वेटोळं घालून."

सगळा पाडा पाय न वाजवता पुढं सरकला. कमळानं धाकलीला उचलूनच घेतलं. खांबापाशी ठेकेदार एकटा उरला.

"फ्लॅश मार! परत मार!" त्याचा आवाज चिरकला होता.

तुषारनं मारला. उजेड आला, गेला. दगडांवरची जागा रिकामी होती.

"नाही दिसली रे! कुठं गेली? अरे, टॉर्च लावा कुणीतरी! अहो... अहो, लावा ना टॉर्च!"

प्रत्येकाच्या हातात टॉर्च होती. कुणाचाही अंगठा हलला नाही. कमळा काय म्हणते, याची सगळा पाडा वाट बघत होता.

"टॉर्च कशाला, शेठ?" अंधारातून कमळा म्हणाली. "तुमच्या फोटोत दिवा लागलाय ना? त्याच उजेडात चालत या."