लाल चिंध्या

करवंदीच्या जाळीला बांधलेली लाल चिंधी मी ओढून काढली आणि कचऱ्याच्या पिशवीत कोंबली. सकाळपासूनची एकतिसावी! "लाजा कशा वाटत नाहीत लोकांना? एवढं देखणं जंगल, आणि झाडाझाडाला चिंध्या!" माझा संताप ऐकायला कुणी नव्हतं, दम लागतो म्हणून मी सगळ्यांत मागे होते.

कड्याच्या टोकावर सगळे डबे उघडून बसले होते. "काकू, पिशवीत काय एवढं?" आमच्या लीडरनं विचारलं.

"तुम्हा ट्रेकर लोकांची घाण!" मी पिशवी त्याच्यापुढे उपडी केली.

त्याचा घास हातातच राहिला. "काकू, या मी बांधत आलो होतो. परतीची वाट सापडावी म्हणून."

खाली जंगलात धुकं शिरत होतं. मी त्याच्यावरच उखडले, "मग हे निघतानाच सांगायला काय झालं होतं?"