डावं-उजवं

यंत्राच्या पडद्यावर आलेखात पुन्हा एकच उंचवटा आला. दोन हवे होते.

तिने खुर्चीत पाठ टेकली. कितीतरी आठवडे हेच चाललं होतं. वस्तीच्या विहिरीत शेजारच्या बंद कारखान्यात बनायचं ते कीटकनाशक सापडलं होतं. त्याची दोन रूपं असतात, डाव्या-उजव्या हातांसारखी. जमिनीतले जीवाणू त्यातलं एकच आवडीने खातात. माल जमिनीत पडून वर्षं झाली असतील तर ते रूप संपत आलेलं, नुकताच पडला असेल तर दोन्ही सारखी. पण आधी ती वेगळी तर व्हायला हवीत.

“अजून किती डोकं फोडणार आहेस?” प्रयोगशाळेतले सर म्हणाले. “कारखाना बंद पडून वर्षं लोटली. तेव्हाचंच असणार.”

“तेव्हा तिथे बाबा मॅनेजर होते, सर.”

सर आपल्या टेबलाकडे वळले.

विहिरीच्या पाण्यावर बंदी आल्यापासून बाबांशी कुणी धड बोलत नव्हतं. बाबाही स्वतःची बाजू मांडत नसत. “झालं असेल माझ्याच हातून. सोड तो नाद,” एवढंच म्हणत. घराची लाज राखली ती दादाने. वस्तीला विकतचं पाणी आता तोच पुरवत होता. एकाचे तीन टँकर झाले तरी तो दमत नव्हता. बायका बापाच्या नावाने बोटं मोडत आणि लेकाला दुवा देत.

तिने पुन्हा द्रावण पातळ केलं, नळी बदलली, वेग उतरवला. नळीतली भुकटी उजव्याला जरा धरून ठेवते, डावं निसटून पुढे जातं. निदान जायला हवं.

संध्याकाळी पडद्यावर दोन उंचवटे उभे राहिले. जुळ्यांसारखे, एकाच उंचीचे.

सरांनी अहवाल तिच्यासमोरच चौकशी समितीला पाठवला. आनंद करायचंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

घरी बाबा एकटेच जेवत होते. तिने त्यांच्यासमोर बसकण मारली.

“सुटलात, बाबा. ते तुमच्या काळातलं नाहीच. कुणीतरी आत्ता आत्ता ओततंय.”

बाबांचा घास हातातच राहिला.

“कुणाला सांगितलंस?”

“समितीला. आजपासून विहिरीवर साध्या वेशातला पहारा बसतोय.”

बाबांनी ताट सरकवलं. 

“माझ्यावर निभावलं असतं गं,” ते म्हणाले. “दादाला फोन लाव. म्हणावं, आज विहिरीकडे जाऊ नकोस.”