शाखाबदल

“अरे बेटा, भूल गई काय? सारे लोक कॉम्प्युटरमध्ये घुसून राहिले, अन् तू बाहेर निघून राहिली?” कॉलेजच्या ऑफिसातल्या छोटेलाल बाबूंनी अर्ज तिच्याकडे परत सरकवला. “इलेक्ट्रिकल! तेही पहिल्या नंबरच्या पोरीनं!”

हर्षानं अर्ज पुन्हा पुढं सरकवला. पहिल्या वर्षात ती वर्गात पहिली आली, म्हणूनच शाखा बदलायची संधी मिळाली होती. मुदत आज पाचपर्यंत. वडिलांची संमती हवी होती, फोनवरही चालणार होती.

कॉलेजच्या पहिल्या आठवड्यात सगळ्यांकडून आवडी आणि ध्येय लिहून घेतलं होतं. तिनं शेजारणीच्या कागदावर पाहून ‘कोडिंग’ आणि ‘मोठी कंपनी’ लिहिलं. खरं लिहायचं तर चोरखमारा गावाजवळच्या त्यांच्या बांधीपासून, भाताच्या खाचरापासून, सुरुवात करावी लागली असती.

त्या धानाच्या बांधीत सारस पक्ष्यांची जोडी राहायची. नरानं एक हाक दिली की मादीची दोन उत्तरं यायची, लागोपाठ. लहानपणी हर्षा ती बोटांवर मोजायची. घरट्याभोवतीचं धान तिचे बाबा, उदाराम, दरसाल तसंच उभं सोडायचे. ती बारावीत असताना मादी उडता उडता विजेच्या तारेला लागून पडली. नर अजून हाक देतो. घरी त्या तारेबद्दल कोणी बोलत नाही.

तारा पाखरांना दिसाव्यात म्हणून त्यांवर काय लावावं, कुठं त्या जमिनीखालून न्याव्यात, हे तिला शिकायचं होतं. पण पोरगी कॉम्प्युटरला लागली म्हणून बाबांनी गावाजवळच्या गोरेगावच्या बाजारात पेढे वाटले होते.

तिनं फोन लावून स्पीकर सुरू केला. बाबा त्याच बांधीत धानाची रोवणी करत होते.

“बाबा, मले ब्रँच बदलवाची आहे. इलेक्ट्रिकल पाहिजे.”

“काऊन? चांगली शिकून राहिली ना?”

ती सांगणार, तेवढ्यात फोनमधून हाक आली. लांब, एकटी. हर्षा थांबली. पलीकडे बाबाही थांबले. दोन उत्तरांना लागतो तेवढा वेळ तसाच गेला.

“हॅलो, काका!” छोटेलाल बाबू वैतागले. “मंजूर आहे का नाही? अन् कारण काय लिहू?”

“मंजूर लिहा, बाबू,” उदाराम म्हणाले. “अन् कारण लिहा, थे तार मीच माझ्या मोटरपंपासाठी ओढून घेतली होती.”