दुभाषी

कागदपत्रं नसलेल्या परक्यांना हुडकायची मोहीम निघाल्यापासून वाहिनीचा वार्ताहर प्रत्येक धाडीला मला दुभाषी म्हणून नेई. "ताई, तुमच्याशिवाय मी ठार बहिरा. या लोकांचं एक अक्षर कळत नाही मला," असं चारचौघांत हसून म्हणे.

आज शिवणकारखान्यात धाड पडली. यंत्रापाशी बसवलेल्या बाईसमोर माईक धरून तो म्हणाला, "विचारा, आत आणखी कोण आहे?"

मी विचारलं. माईकवर तळहात ठेवून बाई तिच्या भाषेत पुटपुटली, "चिंध्यांच्या पोत्यांमागे माझी लेक आहे. मला नेलं की माझी बहीण येऊन तिला घेऊन जाईल. पाया पडते, सांगू नकोस."

इतकी वर्षं जे ऐकलं तेच सांगत आले होते.

"एकटीच आहे म्हणते."

तरी फौजदार पोत्यांकडे निघालाच.

"साहेब, तिकडचं चित्रण झालंय आमचं," वार्ताहर म्हणाला. "नुसत्या चिंध्या आहेत."

तिकडे आम्ही फिरकलोही नव्हतो.

फौजदार मागे वळला. बाईला नेताना वार्ताहर तिच्या कानाशी वाकला आणि तिच्याच भाषेत, अगदी घरातल्यासारखा, म्हणाला, "तिची मावशी येईपर्यंत मी इथेच बसतो."